खवलेमांजर आणि मुंग्यांचं बीळ

मुलांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही, हवं तर शपथ घेतो. सगळं मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलं. आता, हे घडलं तेव्हा मी डोंगराच्या पलीकडच्या गावात जेवून आडवा झालो होतो आणि चष्मा खिडकीत राहिला होता, पण म्हणून काही गोष्ट खोटी ठरत नाही. ज्याने मला सांगितली त्याने पाहिली होती. त्यानेही पाहिली नसेल, तर त्याला ज्याने सांगितली त्याने. कुणीतरी पाहिलीच असणार, एवढं धरून चाला.

तर त्या डोंगराच्या उतारावर दाट जंगल होतं आणि त्या जंगलात एक खवलेमांजर राहत असे. नावात मांजर असलं तरी मांजराच्या कुळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पाठीवर, डोक्यावर, शेपटीवर कौलांसारखे एकावर एक बसवलेले टणक खवले. पोट तेवढं उघडं आणि मऊ. तोंडात दात एकही नाही, पण जीभ अशी लांब, की मुंग्यांच्या दारातून आत घातली तर पार त्यांच्या माजघरात जाऊन यावी. पुढच्या पायांना कुदळीसारखी नखं. डोळे मात्र नावापुरते. हे खवलेमांजर आई होतं, म्हणून आपण तिला ‘ती’ म्हणू. तिचं एकुलतं एक पिल्लू तिच्या शेपटीच्या बुडाला घट्ट धरून, तिच्यावर स्वार होऊन जंगलभर फिरायचं. त्याचे खवले अजून कोवळे होते. बोटाने दाबले तर वाकले असते.

तिच्या आईने तिला लहानपणी एकच गोष्ट शिकवली होती, आणि त्या आईला तिच्या आईने. काही अंगावर आलं, की अंगाचा गोळा करायचा. नाक पोटाशी, नाकावर शेपटी, आणि गप्प पडून राहायचं. जो येतो तो कंटाळतो, आणि कंटाळला की जातो. पळायचं नाही, चावायचं तर नाहीच, आणि विचारसुद्धा करायचा नाही, कारण विचार होईपर्यंत उशीर होतो. हे ती इतकं चांगलं शिकली होती, की आता शिकलेलं आठवायचीही गरज उरली नव्हती. पाचोळा वाजला की गोळा. सावली पडली की गोळा. पाठीवर जांभूळ टपकलं तरी गोळा. वाटेवरच्या लाजाळूला कुणाचा पाय लागून तिची पानं मिटेपर्यंत ही कधीच मिटलेली असायची.

आणि हे तिच्या फायद्याचंच होतं. एकदा बिबट्या आला. त्याने तिला पंजाने उलटी केली, सुलटी केली, दातात धरून पाहिली. मग चिडून उतारावरून गडगडत नेली आणि खडकावर आपटली. त्या खडकाला चीर गेली असं तिथली माकडं सांगतात. माकडांचं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा. शेवटी बिबट्याची दाढ ठणकायला लागली. तो दमून तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही जेवण आहात की कुलूप?” थोड्या वेळाने तो उठून गेला. त्या दिवसापासून तिचा दरारा वाढला.

तिच्या शेजारी गवतात एक ससा राहत असे. त्याची रीत नेमकी उलटी. खुट्ट वाजलं की पाय निघालेच, ससा नंतर. तो तिला मावशी म्हणायचा आणि येता-जाता तिची थट्टा करायचा. आज सकाळपासून कितीदा मिटलीस, असं विचारायचा. मग ती त्याला म्हणायची, की परवा तू स्वतःच्याच शिंकेला घाबरून ओढ्यापर्यंत गेला होतास, ते आधी सांग सगळ्यांना. ससा हसायचा. एकदा मात्र तो हसता हसता थांबला.

“माझे पाय मला विचारत नाहीत, मावशी,” तो म्हणाला. “तुझं अंग तुला विचारतं का?”

“विचारायचं कशाला? ते कधी चुकलंय का?”

आणि तोवर ते खरोखरच कधी चुकलं नव्हतं.

उन्हाळा सरत आला. डोंगराखालच्या गावात राब भाजायचे दिवस होते. भाताची रोपं टाकायच्या आधी शेतात काटक्या आणि पालापाचोळा पसरून तो जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या दिवसांत संध्याकाळी धुराची एक पट्टी डोंगरावर चढायची, थोडा वेळ झाडांत रेंगाळायची आणि विरून जायची. तिच्या नाकाला तो वास सवयीचा झाला होता. नाक तिचं इतकं तीक्ष्ण, की जमिनीखाली हातभर खोल असलेली मुंगी तिला वरून कळायची. पण रोज येणाऱ्या आणि रोज काहीही न करता जाणाऱ्या वासाकडे नाक तरी किती लक्ष देणार?

त्या दिवशी ऊन उतरल्यावर ती पिल्लाला घेऊन माळाकडे निघाली. झाडं संपली की तिथे कमरेइतकं वाळकं गवत उभं होतं, आणि गवताच्या मुळांत मुंग्यांची वस्ती होती. भुकेने तिची जीभ वळवळत होती. वारा सुटला होता आणि तो खालून वर येत होता. धूर आला, तिने हुंगला आणि सोडून दिला. आज तो जरा दाट होता, एवढंच तिच्या लक्षात आलं.

इतक्यात जमीन धपधपली. ससा मागचे पाय आपटत गवतातून उसळत येत होता. आणि मग त्याने अशी गोष्ट केली, जी त्या जंगलात कुणी कधी पाहिली नव्हती. ससा थांबला.

“मावशी, पळ,” तो म्हणाला. “आडवी पळ, ओढ्याकडे. वर नको जाऊस.”

कोण आलंय, असं तिला विचारायचं होतं. पण पाय आपटल्याचा आवाज अंगाने आधीच ऐकला होता. पिल्लू शेपटीवरून पोटाशी घसरलं, नाक आत गेलं, शेपटी वरून आली, आणि प्रश्न तोंडातच मिटला. सशाने डोकं लावून तो गोळा ढकलून पाहिला. हलला नाही. पिल्लाला तरी बाहेर सोड, असं त्याने खवल्यांशी तोंड नेऊन सांगितलं. गोळा आणखी घट्ट झाला. ससा आणखी थांबला असता, त्याला थांबायचं होतं, पण त्याचे पाय त्याचं ऐकेनात. ते त्याला घेऊन निघून गेले.

गोळ्याच्या आत अंधार होता. तिथे तिला नेहमी बरं वाटायचं. पिल्लाची छाती तिच्या पोटावर धडधडत होती. बाहेर काहीतरी येत होतं आणि त्याचा आवाज येत होता. कडकड, कडकड, वाळक्या काड्या मोडल्यासारखा. तिने आवाजावरून अंदाज बांधला. बिबट्याच्या पायाखाली एखादी काडी मोडते. याच्या पायाखाली तर अख्खा माळ मोडतोय. म्हणजे हा फार मोठा असणार. मोठा असला तर जास्त वेळ बसेल. बसू दे. बिबट्या बसला होता तसा बसेल आणि मग जाईल.

“आई, गरम होतंय,” पिल्लू म्हणालं.

तिने त्याला गप्प राहायला सांगितलं. तो आत्ता आपल्याला हुंगतोय, त्याचा श्वास गरम आहे, असं ती कुजबुजली. थोडं थांबलं की तो कंटाळेल. पिल्लाने विचारलं, तो म्हणजे कोण? तिला सांगता येईना. कारण इतका वेळ झाला तरी कुणी तिला पंजा लावला नव्हता. उलटी केली नव्हती. दात लागले नव्हते. असा कसा हा, जो शिवत नाही आणि तरी भाजतो? तिची भीती वाढली, आणि भीती वाढली तसं अंग आणखी आवळलं गेलं. आता पिल्लाला श्वास घ्यायला जागा उरली नाही. ते आधी कण्हलं आणि मग कण्हायचंही थांबलं. पाठीवरचे खवले तापायला लागले होते.

आणि तेवढ्यात तिच्या पोटाखाली काहीतरी सुळसुळलं.

जिथे बिबट्याचं नख शिरलं नव्हतं तिथे कुणीतरी शिरलं होतं. एक, मग आणखी, मग रांगच. मुंग्या. गोळ्याच्या फटीतून त्या आत येत होत्या आणि तिच्या उघड्या पोटावरून, तिच्या नाकावरून चालत होत्या. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं होतं. तिची सगळ्यात मऊ जागा त्यांना अशी आयती मिळाली होती, आणि एकही मुंगी चावत नव्हती.

“बाई, जरा सरकता का?” नाकावरची एक मुंगी म्हणाली. “वरच्या बिळातली अंडी खालच्या बिळात न्यायची आहेत. दार तुमच्या नाकाखाली आलंय.”

खवलेमांजराला हे ऐकूनच चमत्कारिक वाटलं. मुंग्या तिला पाहून पळायच्या. रस्ता मागायला कधी कुणी आलं नव्हतं.

“मी कोण आहे ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“न ठाऊक असायला काय झालं? आमचं अर्धं गणगोत तुमच्याच पोटात आहे.” मुंगीने तोंडातलं अंडं सावरलं. “तुम्हाला उद्या घाबरू. आज वेळ नाही.”

हे शब्द तिच्या पाठीवरच्या चटक्यापेक्षा जास्त लागले. आपल्यापेक्षा भयंकर असं काय असेल, की ज्याच्यापुढे मुंग्यांना आपल्या जिभेचीही पर्वा वाटू नये? बाहेर कोण आहे, असं तिने विचारलं.

“कुणी नाही. आग आहे.”

“मग ती कंटाळेल ना?”

“गवत संपलं की कंटाळते,” मुंगी म्हणाली. “गवत तुमच्या चारी बाजूंना आहे.”

आता तिला कळलं. पण कळून काय उपयोग? तिने अंगाला सांगितलं, सूट. अंग सुटलं नाही. जन्मभर ज्याला कधी काही विचारलं नव्हतं, ते आज तिचं ऐकायला तयार नव्हतं. कडकड जवळ आली की पाठ आणखी वाकायची, शेपटी आणखी घट्ट बसायची. पिल्लू तिच्या पोटाशी निपचित पडलं होतं. आपणच त्याच्याभोवती आवळलो गेलोय, हे तिला जाणवत होतं आणि तरी ती आवळतच होती.

मग तिने मोठी गोष्ट सोडली आणि लहान धरली. अख्खं अंग उघडायचं नाही. मुंगीने मागितलंय तेवढंच. नाक जरा बाजूला. तिने नाक हलवलं. नाकाखालचं बीळ मोकळं झालं आणि मुंग्यांची रांग भराभर आत ओतली गेली. नाक हलवायचं तर शेपटी जरा उचलावी लागली. शेपटी उचलली तशी एक फट पडली, आणि त्या फटीतून तिच्या अधू डोळ्यांनाही दिसलं. बाहेर सगळं नारिंगी होतं. त्याला पाय नव्हते, पंजा नव्हता, तोंड नव्हतं. मिटून बसलेल्या कुणाशीही त्याला काही देणंघेणं नव्हतं.

पळायला आता जागा नव्हती. ओढा राहिला दूर. पण मुंग्या पळत नव्हत्याच. त्या खाली जात होत्या. बिळाच्या तोंडातून एक गार वास वर येत होता, ओल्या मातीचा. तो नाकात गेला आणि तिची नखं आपसूक ताठ झाली. रोज जेवणासाठी जे काम ती करायची, ते काम नखांना ठाऊक होतं. तिने पहिला घाव घातला, दुसरा घातला, आणि अंग उघडलं कधी हे तिला कळलंच नाही. वरची जमीन उन्हाने खडक झाली होती, पण खाली मुंग्यांनी ती पोखरून भुसभुशीत केली होती. माती मागे उडत होती, ठिणग्या पुढे पडत होत्या. खड्डा तिच्या खांद्याइतका झाला तेव्हा तिने पिल्लाला नाकाने आत लोटलं. स्वतः त्याच्या बाजूने उकरत, त्याला पुढे सरकवत खाली गेली, आणि मागची माती शेपटीने ओढून दार बुजवलं.

वरून आग गेली. आधी घोंगावली, मग अशी गर्जली की जमीन थरथरली. पाठीवरचे वरचे खवले जळल्याचा वास तिच्याच नाकात आला. अंगाने पुन्हा गोळा व्हायची धडपड केली, पण त्या अरुंद जागेत वळायलाच वाव नव्हता. ती लांबलचक पडून राहिली, नाक खाली, पाठ वर, आणि नाकापुढे पिल्लू. ते हलत नव्हतं. तिने त्याला हुंगलं. धुरापुढे तिला दुसरा वास येईना. तिने जीभ बाहेर काढली आणि त्याच्या नाकपुड्यांपाशी धरली. वारा लागेना. तिने जीभ तशीच धरून ठेवली. वरची गर्जना पुढे सरकली, कडकड विरळ झाली, आणि त्या शांततेत जिभेच्या टोकाला काहीतरी लागलं. इतकं थोडं, की दुसऱ्या कुणाला ते लागलंही नसतं. मग पुन्हा लागलं. पिल्लाने खोकून तोंडातली माती बाहेर टाकली.

उजाडल्यावर ती बाहेर आली. माळ काळा झाला होता आणि काही खुंट अजून धुमसत होते. पोळलेल्या पायांनी लंगडत ससा तिथे फिरत होता. तो एकेक काळा दगड हुंगून बघत होता. तिला पाहून तो खाली बसला.

“तू पळालीस, मावशी?”

“नाही.”

“मग मिटून राहिलीस?”

“राहिले असते तर तुला त्या दगडांत सापडले असते.”

“मग केलंस तरी काय?”

“कोण आलंय ते पाहिलं,” ती म्हणाली. “आधी ते करायचं राहून गेलं होतं.”

ससा बराच वेळ आपले पाय चाटत बसला. शेपटीवर चढून बसलेल्या पिल्लाला भूक लागली होती, आणि आईच्या जिभेखाली मुंग्यांचं भरलेलं बीळ उघडं पडलं होतं. हे खायचं का, असं त्याने विचारलं. आज नको, असं आईने सांगितलं. मग उद्या? उद्याचं उद्या बघू, म्हणाली, आणि रिकाम्या पोटी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला चालू लागली.

पुढे बिबट्या पुन्हा एकदा आला. तेव्हा ती क्षणात मिटली, आणि तो पुन्हा दाढ धरून गेला. पण त्याआधी तिने एकदा हुंगून घेतलं होतं, की हा बिबट्याच आहे ना.

आता एक कबूल करतो. मुंगी बोलली, हे मी बनवलं. मुंग्या बोलत नाहीत. त्या दिवशीही कुणी रस्ता मागितला नाही, कुणी गणगोताचं नाव काढलं नाही. खरं झालं ते एवढंच, की मुंग्या न चावता तिच्या नाकावरून चालत गेल्या, खाली. तिने ते ओळखलं. बाकी सगळं तुम्हाला ऐकू यावं म्हणून मला बोलावं लागलं.

तात्पर्य : संकटाची चाहूल लागली की अंग आपोआप काहीतरी करून बसतं, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं, पण ज्या उपायाने एकदा वाचवलं तो प्रत्येक वेळी वाचवतोच असं नाही, म्हणून आलेलं संकट कोणतं आहे ते आधी ओळखावं.